मालसुन सकाळी उठून काय करते?

माझ्या पहिल्या कॅरेक्टर शीटवर नाव होतं साकुरा हान. रुपेरी केस, नऊ शेपट्या, कमरेला तलवार आणि बॅकस्टोरीत शत्रूनं जाळलेलं गाव. तीन रात्री जागून लिहिलं होतं. चौथ्या दिवशी शीट परत आलं. खाली एकच प्रश्न होता: ‘ही बाई सकाळी उठून काय करते?’

आम्ही वीसेक जण गेली काही वर्षं एक रोलप्ले खेळतो. जग काल्पनिक आहे, बेटांचं. प्रत्येक बेटाची आपली जादू, आपले देव. ज्यानं त्यानं आपलं पात्र घ्यायचं आणि प्रसंग त्याच्या डोळ्यांनी पुढं लिहीत न्यायचा. खेळणारे ठिकठिकाणचे, म्हणून लिहायचं इंग्रजीत. नवं पात्र आलं की दोन जुने खेळाडू ते वाचतात. त्यांनी हो म्हटल्याशिवाय पात्र खेळात उतरत नाही. माझं शीट वाचणाऱ्या दोघांपैकी एक कोरियातली होती. तिची आजी जेजू बेटावरची. कोरियाच्या दक्षिणेला समुद्रात असलेलं, ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचं बेट.

प्रश्नानंतर तिनं मला सविस्तर निरोप लिहिला. साकुरा हा जपानी शब्द. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता आणि १९४० पासून तिथल्या लोकांना जपानी पद्धतीची नावं घ्यायला लावली गेली. लोकांनी नाइलाजानं घेतलेल्या आणि नंतर टाकून दिलेल्या नावांसारखंच एक नाव मी ‘कोरियन’ म्हणून एका मुलीला दिलं होतं. ते वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. तिच्या निरोपात राग नव्हता, म्हणून तर जास्त लागलं.

नऊ शेपट्यांची कोल्हीण, गुमिहो, कोरियन कथांमधली खरीच. पण तिचं म्हणणं असं, की शेपट्या काढल्या तर तुझ्या पात्रात काय उरतं ते सांग. मी शीट पुन्हा वाचलं. तलवार उरत होती. मालिका बघून बघून डोळ्यांत साठलेले रेशमी झगे आणि बर्फातले वाडे उरत होते. सकाळी उठून चूल कोण पेटवतं, पाणी कोण भरतं, हिच्या पोटाला कोण घालतं, यातलं काही मला सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं माझं वय विचारलं. मी दचकले. मग कळलं, की वय माहीत नसेल तर एकमेकींना काय म्हणायचं हेच तिकडं ठरत नाही. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी निघाली, म्हणून मी तिला ऑन्नी म्हणायला लागले. बाईनं मोठ्या बहिणीला म्हणायचा शब्द. आपण ओळखीपाळखीच्या मुलीला ताई म्हणतो तसाच तो घराबाहेरही चालतो. त्यामुळं इथंही ती ऑन्नीच.

सुरुवात नावापासून झाली. आडनाव आधी, बहुधा एका अक्षराचं. मग नाव, बहुधा दोन अक्षरांचं. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही. जेजूची मूळ आडनावं तीन: गो, यांग आणि बू. तिथली कथा सांगते, की जमिनीतल्या तीन बिळांमधून तीन पुरुष वर आले आणि त्यांच्यापासून ही तीन कुळं झाली. ती बिळं जेजू शहरात आजही जपलेली आहेत. मी गो घेतलं. नाव मात्र सुचेना. चंद्र, फूल, मोती अशा अर्थांची गोड नावं मी पाठवत होते आणि ऑन्नी म्हणत होती, ठीक आहे, पण ही सगळी एकाच मुलीची वाटतात. शेवटी मी म्हटलं, तुझ्या आजीच्या वयाच्या बायकांची नावं सांग. तिनं तीन लिहिली: मालसुन, मालजा, क्कुत्सुन. ‘माल’ म्हणजे शेवट. ‘क्कुत’ म्हणजेही शेवट. मुलीमागून मुली झाल्या की आता ही शेवटची ठरो, पुढचा मुलगा होवो म्हणून ठेवायची नावं.

मी साताऱ्याची. माझ्या मोठ्या मावशीचं नाव नकुशा आहे.

हे मी ऑन्नीला कसं सांगितलं ते नीट आठवत नाही, पण त्या रात्री आम्ही खूप वेळ बोललो. तिच्याकडं साडेतीन तास पुढं, म्हणजे तिथं पहाट होत आली होती. मी तिला सांगितलं, की ऑक्टोबर २०११ मध्ये आमच्या जिल्ह्यात कार्यक्रम घेऊन २८५ नकुशांना नवी नावं दिली गेली. मुलींनी आपापली नावं निवडली, प्रमाणपत्रं घेतली. मावशी तेव्हाच पन्नाशी ओलांडलेली. तो कार्यक्रम शाळकरी मुलींसाठी होता. मावशीला कुणी विचारलं नाही.

ऑन्नीनं तिकडून बारी राजकन्येची कथा लिहून पाठवली. राजाला सातवी मुलगी झाली आणि त्यानं ती टाकून दिली. बारी हे नावच ‘टाकणे’ या क्रियापदाशी जोडतात. पुढं राजा मरणाला टेकला. संजीवक पाणी आणायला परलोकात जावं लागणार होतं. सहाही मुलींनी नाही म्हटलं, टाकलेली गेली. कोरियात मुदांग नावाच्या बायका असतात, त्यांच्या अंगात देव येतात, आणि बारी ही त्यांची मूळ आई मानली जाते. मेलेल्या माणसाला वाटेला लावायच्या विधीत तिची कथा गायली जाते. ते वाचताना मला माझं पात्र पहिल्यांदा दिसलं. केसांचा रंग वगैरे काही नाही, नुसती पाठ दिसली. नको म्हणून नाव ठेवलेली मुलगी, सगळ्यांना जिथं जायची भीती वाटते तिकडं चाललेली.

पण सकाळचा प्रश्न अजून तसाच होता. त्याचं उत्तर ऑन्नीच्या आजीनं दिलं. ती हेन्यो होती.

हेन्यो म्हणजे जेजूच्या पाणबुड्या बायका. पाठीवर हवेची टाकी नाही. छातीत मावेल तेवढा श्वास घ्यायचा, दहा मीटर खाली जायचं, खडकाला चिकटलेली मोठी शिंपली लोखंडी पट्टीनं उचकटायची, समुद्री काटेरी गोळे, शेवाळ गोळा करायचं आणि वर यायचं. एक बुडी साधारण मिनिटाची. अशा बुड्या दिवसाला सहा-सात तास, वर्षाकाठी नव्वदेक दिवस. ऐंशीच्या घरातल्या बायकाही उतरतात. युनेस्कोनं २०१६ मध्ये या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतलं. आता रबरी पोशाख आहेत, पण ते १९७० च्या दशकात आले. त्याआधी सुती कपड्यांत, थंडीतही.

पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्याला जाळी बांधलेली असते. त्याला तेवाक म्हणतात. पूर्वी तो वाळवलेल्या भोपळ्याचा असे. हे वाचून मी हातातलं खाली ठेवलं. आमच्या मळ्यातल्या विहिरीत मी पाठीला भोपळा बांधूनच पोहायला शिकले. त्याचा दोर काखेत काचतो तो कसा, हे मला कुणी सांगायला नको होतं. शीटमधल्या ‘जवळच्या वस्तू’ या रकान्यातली तलवार मी खोडली आणि भोपळा लिहिला. त्याच्या खाली लोखंडी पट्टी. तिला बिचांग म्हणतात आणि तिला मनगटात अडकवायचा फास असतो. तो फास धोक्याचा. शिंपलं आवळून बसलं आणि फास वेळेत सुटला नाही, तर बाई खालीच अडकते.

हेन्यो वर आली की तोंडातून शीळ निघते. कोंडलेला श्वास एकदम सोडायचा आणि ताजा ओढायचा, त्याचा तो आवाज. सुम्बिसोरी. ध्वनिफिती ऐकल्या तर लांबून पक्षी ओरडल्यासारखं वाटतं. ऑन्नी म्हणाली, आजी किनाऱ्यावर बसलेली असताना डोळे मिटून सांगायची, की ही अमकीची शीळ, ही तमकीची. एखादीची बराच वेळ ऐकू आली नाही तर उठून उभी राहायची.

दुसरा शब्द मुल्सुम. पाण्यातला श्वास. वर निघायची वेळ झालेली असताना हाताशी एक मोठं शिंपलं दिसतं आणि बाई म्हणते, एवढं एक घेऊन जाते. तो लोभ संपेपर्यंत छातीतली हवा संपलेली असते आणि शरीर आपोआप श्वास घेतं, पाण्याचा. हेन्यो पोरींना पहिल्यांदा शिकवतात ते हेच: आपला श्वास किती आहे ते ओळख आणि तेवढंच आण. त्यांची म्हणही आहे, परलोकात कमवायचं आणि इहलोकात खर्चायचं.

ती म्हण वाचली आणि जादू सापडली. आमच्या खेळात पात्राला एक शक्ती घेता येते, पण तिची मर्यादा लिहून द्यावी लागते. मी एरवी मर्यादा कशीबशी भरायचे, थकवा येतो वगैरे. आता मर्यादा आधी आली. मालसुन पाण्याखाली असते तेवढा वेळ परलोकात असते. तिथल्यांचं बोलणं तिला ऐकू येतं, एखादी वस्तू वर आणता येते. वेळ एका श्वासाचा. आणि एक श्वास म्हणजे एक पोस्ट, दीडशे शब्दांची. दीडशे शब्दांत ती वर आली नाही, तर पुढचं काय ते गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी व्यक्ती, ठरवणार. हा नियम मीच मागितला. मग स्वयंपाकघरात मोबाइलवर वेळ लावून श्वास कोंडून बघितला. बसल्या जागी अडतीस सेकंद झाले आणि कानशिलं ठणकायला लागली. खालच्या प्रसंगांत वाक्यं लांब ठेवायची नाहीत, हे मला त्या अडतीस सेकंदांनी शिकवलं.

मग मी गो मालसुनचं शीट ऑन्नीला पाठवलं आणि ते पुन्हा परत आलं. या वेळी अडचण नावाची नव्हती, गावाची होती. जेजूवर मुलगी झाली तर डुक्कर कापून जेवण घालायचं आणि मुलगा झाला तर ढुंगणावर लाथ मारायची, असं तिथले लोक म्हणतात. मुलगी समुद्रात उतरून घर चालवणारी. मुली जास्त म्हणून मालसुन ठेवणं तिथं घडलं नसेल असं नाही, ऑन्नी म्हणाली, पण तू बॅकस्टोरीत लिहिलंयस तसा सगळा गाव तोंड फिरवून बसणार नाही. म्हणजे मी साताऱ्याचं दुःख उचलून जेजूवर ठेवलं होतं.

यावर मी आठवडाभर अडून बसले. नाव सोडवत नव्हतं. शेवटी गाव बदललं. आमच्या खेळात पूर्वेला एक मोठं, भाताच्या शेतीचं बेट आहे. मालसुनचा जन्म तिथं केला, सातवी मुलगी म्हणून. आठव्या वर्षी तिला एका लहान बेटावरच्या विधवा आत्याकडं पाठवून दिलं. आडनावही बदललं, बे. कोरियनमध्ये याच उच्चाराचा एक शब्द नाव या अर्थाचा आहे, पाण्यात चालणारी नाव. ऑन्नीनं तिथं हसऱ्या चेहऱ्याचं चिन्ह टाकलं.

जळलेलं गाव मी अजून ठेवलं होतं. फँटसीत पात्राला एकटं पाडायचं तर लेखक गाव जाळतो, मीही त्याच सवयीनं जाळलं होतं. ऑन्नीनं विचारलं, ते काढशील का. कारण तिनं तेव्हा सांगितलं नाही, मी नंतर वाचलं. ३ एप्रिल १९४८ ला जेजूवर उठाव झाला आणि तो मोडायला जी मोहीम चालली तीत त्या वर्षाच्या हिवाळ्यात डोंगराच्या पोटातली गावंच्या गावं जाळली गेली. हजारो माणसं मेली आणि कित्येक दशकं घराबाहेर त्याबद्दल बोलायची सोय नव्हती. मी तो परिच्छेद पुसला. पुसल्यानंतर लक्षात आलं, की मालसुनला एकटं पाडायला तिचं नाव पुरेसं आहे.

पुढचं काम मात्र आनंदाचं होतं. किनाऱ्यावर काळ्या दगडांचा एक गोल आडोसा असतो, बुल्तोक. तिथं जाळ करून बायका कपडे बदलतात, अंग शेकतात, आज समुद्र कसा आहे ते ठरवतात. त्यांच्यात तीन पायऱ्या: सांगगुन सगळ्यांत तरबेज, मग चुंगगुन, मग हागुन. धूर येणार नाही ती जागा सांगगुनची. नवख्या पोरी वाऱ्याच्या तोंडाशी, डोळे चोळत. खोल समुद्र तरबेज बायकांचा, पण किनाऱ्यालगतचा उथळ भाग म्हाताऱ्यांसाठी राखलेला असतो. त्याला म्हणतात हालमांग बादांग, आजीचा समुद्र. तरण्या बाईनं तिथं हात घालायचा नाही. हे मी कुठून रचलं असतं? मी रचत होते तेव्हा माझ्या बेटावर राणी होती आणि सिंहासन होतं.

बुल्तोकमधले संवाद इंग्रजीत लिहिताना अडले. सगळ्यांना एकच ‘यू’. कोरियनमध्ये कोण मोठं, कोण परकं, यावर क्रियापदाचं शेपूट बदलतं. मग मी संवाद आधी मराठीत लिहायला लागले. मालसुन सांगगुनशी ‘तुम्ही’नं बोलते, बरोबरीच्या पोरींशी ‘तू’नं. आत्याला ती रागात असताना ‘तुम्ही’ म्हणते आणि आजारात ‘तू’. त्यानंतर इंग्रजी केलं की वाक्यांत तो अंतराचा अंदाज उतरायचा. वाक्याची ठेवणही जवळची, दोन्हीकडं क्रियापद शेवटी. जेजूवर थोरामोठ्यांना, बाई असो वा बुवा, सामचुन म्हणतात. मूळ शब्द काकाचा, पण तिथं शेजारच्या म्हातारीलाही तोच. मालसुननं सांगगुनला पहिल्यांदा सामचुन म्हटलं तो प्रसंग लिहायला मला चार दिवस लागले. एका शब्दाचा प्रसंग, पण तोपर्यंत तिनं त्या बेटावर कुणालाच नात्यानं हाक मारली नव्हती.

देवही बेटाबरोबरच आला. योंगदुंग हालमांग ही वाऱ्याची म्हातारी देवी चांद्रवर्षाच्या दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी जेजूवर येते आणि पौर्णिमेला जाते. जाताना समुद्रात शेवाळाचं, शिंपल्यांचं बी पेरून जाते. त्या पंधरवड्यात पाण्यात उतरत नाहीत. तेव्हा शंख पोकळ निघतात, कारण देवीनं चालता चालता आतलं खाल्लेलं असतं. मी कॅलेंडर काढून बसले. तो पंधरवडा बहुतेक वर्षी आपल्या फाल्गुनाच्या पहिल्या पंधरवड्यावर येतो. देवी जाते ती होळीच्या सुमाराला. खेळात मी हे कुठं लिहिलं नाही. पण गेल्या होळीला गेम मास्टरनं बेटावर वारा सोडला, तेव्हा तो का सोडला हे आम्हा दोघींना माहीत होतं.

तिसऱ्या वेळी शीट मंजूर झालं. ‘सकाळी उठून काय करते’ यापुढं मी लिहिलं होतं: ‘अंधारात उठते. आत्याच्या गुडघ्यांना तेल लावते. उंबऱ्यावरून वारा कुठून येतोय ते गालानं बघते. भोपळा तपासते, फास सैल आहे ना ते तपासते. काही न बोलता किनाऱ्याकडं जाते.’ ऑन्नीनं खाली लिहिलं, ‘होन्जो ओपसोये.’ जेजूच्या बोलीत ‘या, या’.

मालसुनची पहिली खोल बुडी मी मार्चमध्ये लिहिली. परलोकातून कुणीतरी तिला नावानं हाक मारतं. हातभर अंतरावर मोठं शिंपलं आहे. एकशे दहा शब्द झालेले. शिंपल्यापाशी पोचायला तीस लागले असते, वर यायला चाळीस. मी ते शिंपलं तिथंच सोडलं. ती वर आली, शीळ वाजली, सांगगुननं लांबून मान वर केली.

रविवारी मावशीला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. खेळ म्हणजे काय ते तिला कळायला थोडा वेळ लागला, बाकीचं लगेच कळलं.

“त्या बेटावरच्या बायका काय म्हणतात तिला? नाव बदललं का?”

“नाही मावशी. मालसुनच म्हणतात.”

“आणि तिला?”

“तिला कुणी विचारलं नाहीये अजून.”

“मग तू विचार. तू लिहितेस ना?” थोडं थांबून ती म्हणाली, “माझ्या पासबुकावर हेच आहे, सातबाऱ्यावर हेच आहे. पण विचारायला पाहिजे होतं गं.”

मी म्हटलं, विचारते. मग तिनं विचारलं, ती शीळ कशी असते. मी फोनवरच श्वास कोंडला आणि सोडून दाखवला. मावशी म्हणाली, थांब, मी बघते. पलीकडं काही क्षण काहीच ऐकू आलं नाही. मग नुसती हवा आली. तिनं पुन्हा श्वास भरून घेतला. या वेळी हवेच्या टोकाला बारीक शीळ होती.